दोड्ड बंगल्याचे उंबरे

महेशला लग्नकार्यांसाठी कल्याण मंटप बांधायचा होता, आणि तो दिसायला दोड्ड बंगल्यासारखाच हवा होता. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी पाडलेला रेल्वेच्या गोऱ्या साहेबाचा तो दोड्ड, म्हणजे मोठा, बंगला नवनगरच्या त्याच्या प्लॉटवर जसाच्या तसा उभा राहायचा, आणि आत एका वेळी आठशे माणसं जेवायची. साहेबाच्या घरात आठशे माणसं कधी जेवत नव्हती, हे नूतननं पहिल्याच बैठकीत सांगून बघितलं.

"मग भिंत जरा मागं घ्या की अक्का," महेश म्हणाला.

अशा माणसाचं काम घेऊ नये, हे नूतनला तिथंच कळायला हवं होतं. पण जुन्या इमारतींचं शास्त्र शिकून आलेल्या आर्किटेक्टला हुबळीत दुसरं काय मिळतं? पंधरा वर्षं तिनं लोकांना जिना कुठं घ्यायचा आणि संडासाचं दार कुठं उघडायचं एवढंच सांगितलं होतं. गेलेला बंगला उरल्यासुरल्या तुकड्यांवरून पुन्हा उभा करायचा, असं काम पुन्हा आयुष्यात येणार नव्हतं. तिनं ते घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून डोकं धरून बसली.

बंगल्याचा नकाशा कुठंच नव्हता. एक फोटो होता, त्यात निम्मा बंगला साहेबाच्या घोड्यानं झाकलेला. मूळ जागेवर आता लॉऱ्या उभ्या राहतात. तिथं गवत आणि ऑइलच्या डागांमधून जोत्याचे दगड अधूनमधून डोकं वर काढतात, तेवढंच. लॉरीवाल्यांना हाता-पाया पडून गाड्या हलवायला लावायच्या, टेप धरायचा, तोवर दुसरी लॉरी येऊन त्याच दगडावर उभी राहायची. उन्हात उभं राहून नूतननं त्या आठवड्यात कन्नडमधल्या जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या शाळेतसुद्धा दिल्या नव्हत्या.

खरा आधार होता दारांचा. बंगला पाडला तेव्हा त्याचं सागवान विकलं गेलं आणि दारं जुन्या हुबळीत, कमरीपेठेत, एखादं धारवाडला, अशी लोकांच्या घरांत जाऊन बसली. महेशच्या माणसांनी ती हुडकून काढली होती. प्रत्येक चौकटीच्या डाव्या खांबावर, खालच्या अंगाला, सुतारानं छिन्नीनं रेघा मारलेल्या होत्या. एक रेघ, दोन रेघा, तीन. तुकडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून सुतार तशी खूण करतात. नूतननं जोत्याच्या मापांशी त्या खुणा ताडून बघितल्या आणि एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की सुतार दर्शनी दारापासून सुरू करून उजव्या हातानं बंगल्याभोवती फिरत गेला होता. एक म्हणजे दर्शनी दार, दोन बैठकीचं, तीन जेवणाच्या खोलीचं. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की तिनं महेशलाही फोन केला. महेशनं पार्किंग किती गाड्यांचं होईल ते विचारलं.

पण नकाशा जुळेना. बाहेरचं माप आणि आतल्या खोल्यांची बेरीज यांत दर वेळी फरक पडायचा, कारण भिंतींची जाडी कळत नव्हती. ती उंबऱ्यावरून कळली असती. जेवढी भिंत जाड, तेवढा उंबरा रुंद. आणि दारं सगळी सापडली तरी उंबरा एकही सापडत नव्हता. प्रत्येक चौकटीचे खांब खालून करवतीनं साफ कापलेले होते.

तीन नंबरचं दार कमरीपेठेत वेणूबाईच्या पिठाच्या गिरणीला होतं. नूतन टेप घेऊन तिथं गेली तेव्हा गिरणीत ही गर्दी. ती कोपऱ्यात उभी राहून गर्दी ओसरायची वाट बघू लागली. खाली सपाट शहाबादी फरशी होती, दुकानातून गिरणीत सलग गेलेली. डोक्यावर ज्वारीचा डबा घेतलेली एक बाई चौकटीपाशी आली, पाय उचलून आत गेली. मागून एक म्हातारा आला. त्यानंही पाय उचलला. मग एक शाळेची पोरगी, मग सायकल हातात धरलेला माणूस. त्यानं पाय तर उचललाच, सायकलचं पुढचं चाकही उचललं.

नूतनला आधी हसू आलं. मग एका बाईचं नुकतं चालायला लागलेलं पोर धडपडत चौकटीपर्यंत आलं, थांबलं, एक पाय उंच उचलला, पलीकडे टाकला, मग दुसरा उचलला. फरशीवर काहीच नव्हतं.

"इथं पूर्वी उंबरा होता काय ओ?" तिनं वेणूबाईला विचारलं.

"न्हाई बाई. चौकट आणली तशीच बसवली. मला पोती ओढायला सपाट लागतंय."

"मग सगळे पाय का उचलतात?"

"कोण उचलतंय?" वेणूबाईनं पिठाळलेला हात कपाळाला लावला. "कुणी पाय उचलत न्हाई." असं म्हणून ती दाराचं माप दाखवायला या बाजूला आली, चांगला चार बोटं पाय उचलून.

त्यानंतर नूतनला ते सगळीकडे दिसायला लागलं. शिंप्याच्या दुकानात, रंगाऱ्याच्या घरात. सपाट जमीन, वर दोड्ड बंगल्याची चौकट, आणि येणारा-जाणारा तेवढाच पाय उचलून आत जातोय. सवय असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. जुनी चौकट दिसली की माणसाचा पाय आपोआप उचलला जात असेल. शिंप्याकडून निघताना तिनं मुद्दाम पाय फरशीवरून घासत न्यायचं ठरवलं, आणि बाहेर आल्यावर तिला आठवेचना की घासला की उचलला. एवढ्याशा गोष्टीत लक्ष घातल्याबद्दल ती स्वतःवरच चिडली. भिंतीची जाडी हवी होती, ती अजून मिळालेली नव्हती.

महेशनं एकेक करून सगळी दारं विकत घेतली. लोकांनी कुरकुर न करता दिली. गिरणीचं दार निघालं, गोदामात पडलं, वेणूबाईनं तिथं लोखंडी शटर बसवलं.

लाकडाचा जुना व्यापारी हणमंत अजून हयात होता. बंगला पाडण्याचं काम त्यानंच घेतलं होतं. स्टेशनच्या मागं त्याच्या वखारीत नूतन गेली, तर म्हातारा खुर्चीत बसून सुपारी कातरत होता. उंबऱ्यांचं नाव काढताच तो हसला.

"होस्तिल बेडा, अक्का. उंबरा नको. दुसऱ्याच्या घराचा उंबरा कोण घेतंय? चौकट घ्यावी, उंबरा जागेवर सोडावा. आम्ही खांब खालनं कापूनच घेतो."

"का पण?"

"का म्हणजे? पद्धत. माझा अप्पा तसंच करत होता."

"मग उंबरे तिथंच राहिले?"

"राहिले असते." हणमंतनं सुपारी तोंडात टाकली. "पाडायला एक गडी होता. सगळे उंबरे पडलेले बघून म्हणाला, आम्ही बुद्धाची माणसं, आम्हाला असलं काही लागत न्हाई, मी नेतो. मी म्हटलं, ने बाबा. हातगाडीवर घातले आणि नेले की सगळे. हौदु, हां, भरमा म्हणून होता. जुन्या हुबळीचा."

नूतननं वही मिटली. तिच्या वडिलांचं नाव भरमा होतं, आणि ते जुन्या हुबळीत राहत होते. गेले दोन महिने ती ज्या लाकडासाठी गावभर वणवण करत होती, त्याच्याखाली ती लहानाची मोठी झाली होती. तिला रडावं की ओरडावं ते कळेना.

अप्पांची खोली लांबट आणि चिंचोळी होती. खाट आडवी बसत नसे. लहानपणी तिनं एकदा विचारलंही होतं, खोली अशी का म्हणून. "लाकूड एवढंच लांब होतं," अप्पा म्हणाले होते. "मग भिंती तेवढ्याच अंतरावर घातल्या." वर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, ती जाड लाकडं ओळीनं टाकलेली होती. त्यांच्यावर पत्र्यापर्यंत हातभर मोकळी जागा. तिथं कुणी जात नसे, जाऊन बसताही आलं नसतं.

ती गेली तेव्हा अप्पा खाटेवर बसून भिंगानं पेपर वाचत होते.

"अप्पा, ही लाकडं दोड्ड बंगल्याची?"

"व्हय. उंबरे हायत. तुला ठावं न्हवतं?"

"तुम्ही कधी सांगितलं?"

"तू कधी इचारलीस?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सगळे भ्याले म्हणून आपल्याला सागवान मिळालं. भ्याले नसते तर तुझं बालपण ताडपत्रीखाली गेलं असतं. काय करतीस शिडी घेऊन?"

"माप घेते."

शिडी भिंतीला लावून ती वर चढली आणि लाकडांमधल्या फटीतून डोकं वर काढलं. चाळीस वर्षांची धूळ आणि चुलीची काजळी सगळ्यावर बसलेली होती. फक्त प्रत्येक लाकडाच्या मधोमध, हात-दीड हात रुंदीत, धूळ नव्हती. तिथं लाकूड उघडं, तुळतुळीत होतं आणि खोलगट झिजलं होतं. देवळाच्या पायरीसारखं.

बंगल्यातली झीज, ती स्वतःशी म्हणाली. उंबरेच ते, झिजणारच. मग धूळ का नव्हती?

टोकाला सुताराच्या रेघा होत्या. सात रेघांच्या लाकडावर मात्र धुळीचा थर अखंड होता. सातवं दार धारवाडला एका बंद घरात होतं, मालक मुलाकडे जाऊन राहिले होते. तीन रेघांचं लाकूड सगळ्यांत जास्त झिजलेलं होतं. मधोमध जेमतेम दोन बोटं उरली होती. ते अप्पांच्या खाटेच्या बरोबर वर, उशाकडे होतं.

तिनं शिडीवरूनच खाली विचारलं.

"अप्पा, आणले तेव्हा हे असेच झिजलेले होते?"

"न्हाई. साहेब आणि मड्डम, दोन माणसं. ती किती झिजवणार? सपाट होते. वाळवी लागली असंल मागनं. रोज उशीवर भुगा पडायचा, रोज सकाळी झाडायचो." पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. "गेला महिनाभर न्हाई पडत. थांबली जणू वाळवी."

गिरणीचं दार काढून महिना झाला होता.

भिंतीची जाडी तिला त्या दिवशी मिळाली. नकाशा जुळला, एक बोटाचाही फरक राहिला नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं. तीन नंबरचं दार आता महेशच्या जेवणाच्या हॉलला लागणार होतं, आणि लग्नात माणूस बाकी कुठं जावो न जावो, जेवायला जातोच.

तिनं महेशला गाठलं. "जेवणाच्या हॉलला दुसरं दार करू. ते लाकूड कमजोर आहे."

महेशनं दारावर बुक्की मारून बघितली. "दगड हाय अक्का. पत्रिकेत छापलंय, अस्सल दोड्ड बंगल्याचं दार म्हणून. आणि तुम्हीच नंबर लावून दिलाय की, तीन म्हणजे जेवणाची खोली."

"मग खाली उंबरा तरी बसवू."

"आणि म्हातारी माणसं अडखळून पडली तर? जेवणाच्या ट्रॉल्या कशा न्यायच्या? ग्रॅनाइट टाका सपाट."

तिनं अप्पांना सांगितलं, माझ्याकडे राहायला या. अप्पांनी विचारलं, का? आणि इथंच गाडी अडली. ती सहा वर्षांची असताना अंधाराला भ्यायची, म्हणून ह्याच माणसानं तिला स्मशानात नेऊन, तिथल्या कट्ट्यावर बसवून पेरू खायला घातला होता. कशाला भ्यायचं, हे बघ, इथं काय हाय? आता त्याच माणसाला काय सांगायचं? नवनगरला लोक जेवायला उठले की तुमच्या डोक्यावरचं लाकूड झिजतं? बोलायला तोंड उघडलं की तिला स्वतःचाच राग यायचा. रात्रभर तळमळून सकाळी पुन्हा यायचं, अप्पांनी पुन्हा "का?" म्हणायचं. तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपला बाप थोडा भित्रा असता तर बरं झालं असतं.

शेवटी तिनं थाप मारली. "वाळवी आहे अप्पा, ह्या एका लाकडाला. पोखरून काढलंय. पडेल तुमच्यावर. बदलू या."

"वाळवी असंल तर बदल," अप्पा लगेच म्हणाले. "तसं सांगायचं की सरळ. एकच हं. बाकीच्याला हात लावायचा न्हाई."

तीन रेघांचा उंबरा निघाला आणि त्या जागी लोखंडी गर्डर बसला. जाड, एका ट्रकलाही दाद न देणारा. गंजू नये म्हणून नूतननं त्याला तांबड्या रंगाचे दोन हात दिले, स्वतः उभं राहून. उंबऱ्याचं लाकूड ती घेऊन जाणार होती, तोवर अप्पांनी ते फोडून बंबात घातलं होतं. "पाणी काय झकास तापलं," ते म्हणाले.

नूतन त्या रात्री गाढ झोपली. लोखंड झिजत नाही. आणि त्या लाकडाची तर राख झाली होती.

मंटपातलं पहिलं लग्न मुहूर्त धरून लागलं. नूतनला पुढच्या रांगेत बसवून महेशनं तिचा सत्कार केला, शाल दिली, माइकवर तिचं नाव चुकीचं घेतलं. बंगला सुंदर झाला होता. हे तिनंच केलं होतं, घोड्यामागचा निम्मा भागसुद्धा. शाल काखेत घेऊन ती जेवणाच्या हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

काळं ग्रॅनाइट आरशासारखं सपाट होतं.

पहिल्या पंगतीसाठी लोक उठले. रेशमी लुगडी, सफाऱ्या, नवे बूट. एकेक जण दारापाशी आला, पाय उचलला, आत गेला. कुणी खाली बघत नव्हतं. बोलता बोलता, हसता हसता पाय उचलत होते.

एका म्हातारीला व्हीलचेअरवर आणलं होतं. तिच्या नातवानं दाराशी खुर्ची किंचित मागं कलती केली, पुढची चाकं उचलली, आत नेली.

वाढपी ट्रॉली घेऊन आले. त्यांनी ट्रॉली उचलली.

आठशे म्हणता म्हणता हजार माणसं झाली. नूतन जेवली नाही. तिनं अप्पांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. दुपारी ते झोपतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जुन्या हुबळीत गेली. गल्लीच्या तोंडापासून ती जवळजवळ पळतच निघाली. अप्पा दारात चहा पीत बसले होते. तिला इतकं हलकं वाटलं की ती त्यांच्याशेजारी पायरीवरच बसली.

"काल अंगावर काही पडलं नाही ना?"

"काय पडतंय? लोखंडाला वाळवी लागतीया व्हय?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "उशीवर तेवढं तांबडं तांबडं पडलं होतं, झाडलं. रंग कच्चा दिलाय तुझ्या माणसानं. सगळे चोर."

नूतन उठली. शिडी अजून भिंतीलाच होती.

वर चढत असतानाच फोन वाजला. महेश होता, आवाजात आनंद मावत नव्हता. "अक्का, मे अखेरपर्यंत सगळ्या तारखा गेल्या. एकसुद्धा शिल्लक न्हाई. लोकांना जेवणाचा हॉल तर लई आवडला."

"बरं," ती म्हणाली.

खाली अप्पा चादर झटकत होते.

दोन हात दिलेला तांबडा रंग गर्डरच्या दोन्ही टोकांना तसाच होता. मधोमध, हात-दीड हात रुंदीत, तो नव्हता. तिथं लोखंड उघडं होतं आणि चकाकत होतं.

तिनं तळवा टेकवला आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेला. मधे आल्यावर हात किंचित खाली गेला.